रेघा कोणीही छापेल, आकडा कोणाचा?

गेल्या अंकात लेबलवर काय छापावं यावर लिहिताना 'बारकोडचं पुढे कधीतरी' एवढं म्हणून मी पुढे सरकले होते. सगळ्यात जास्त पत्रं आली ती त्याच एका ओळीवर. बरीचशी एकसारखी होती, म्हणून त्यांची मोळी बांधून उत्तरं देते आहे. माझी सगळी नोकरी लेबलांच्या छापखान्यात झाली, तेव्हा छपाईच्या प्रश्नावर जरा जास्त रेंगाळले तर सांभाळून घ्या.

ताई, मी घरी साबण तयार करते. दुकानदार म्हणतो, बारकोड असेल तरच माल ठेवीन. माझ्या भाच्याने इंटरनेटवरून एका मिनिटात बारकोड काढून दिला, तोही फुकट. मग लोक अर्ज करून, वर्गणी भरून बारकोड घेतात ते कशासाठी?

भाच्याने काढून दिलंय ते बारकोडचं चित्र. कुठलेही बारा आकडे टाका, संगणक रेघा काढून देतो. आकडे तुमचे आहेत की नाहीत, हे तो विचारत नाही.

रेघांमध्ये काय असतं ते आधी पाहू. साबणाचं नाव नसतं, वजन नसतं, किंमतही नसते. एक आकडा असतो, बस्स. काउंटरवरचा स्कॅनर तो आकडा वाचून दुकानाच्या संगणकाला देतो, आणि त्या आकड्यासमोर संगणकात जे भरून ठेवलेलं असेल ते पडद्यावर येतं. भाच्याने मनाने टाकलेला आकडा उद्या कुणाच्या तरी वहीचा निघाला, तर तुमचा साबण त्या काउंटरवर वही म्हणून विकला जाईल. दुकानदाराला ते कळेपर्यंत त्याच्या साठ्याचा हिशेब बिघडलेला असेल, आणि शिव्या तुम्हाला बसतील.

म्हणून खरा प्रश्न असा, की जगात दुसऱ्या कुणाकडे नसेल असा आकडा देणार कोण? ते काम जीएस१ ही संस्था करते. अमेरिकेत १९७४ च्या जूनमध्ये दुकानात पहिल्यांदा बारकोड स्कॅन झाला. १९७७ मध्ये युरोपातल्या बारा देशांनी मिळून आपली वेगळी संस्था काढली. पुढे अमेरिकेची आणि युरोपची अशा दोन्ही व्यवस्था एकत्र आल्या आणि २००५ पासून 'जीएस१' हे नाव लागलं. आज शंभराहून जास्त देशांत तिच्या सदस्य-संस्था आहेत. आपापल्या देशातल्या संस्थेकडे व्यवसायाच्या नोंदणीचे कागद जोडून अर्ज करायचा आणि आपल्याला साधारण किती आकडे लागतील ते सांगायचं.

मग तुम्हाला मिळतो कंपनी प्रीफिक्स, म्हणजे तुमच्या सगळ्या मालाच्या आकड्यांची सुरुवात. पुढचे अंक तुम्ही तुमच्या मालाला द्यायचे, आणि तेरावा अंक हिशेबाने येतो. एकूण अंक तेराच असल्यामुळे ज्याने मोठा गठ्ठा मागितला त्याचा प्रीफिक्स आखूड असतो, आणि ज्याने लहान मागितला त्याचा लांब. अगदी आजच्यापुरतेच आकडे मागू नका. पुढच्या तीन-चार वर्षांचा माल डोळ्यांसमोर आणा. गठ्ठा संपला की दुसरा प्रीफिक्स मिळतो, अडत काहीच नाही, पण मग दोन याद्या सांभाळत बसावं लागतं.

हे आकडे बहुतेक ठिकाणी कायमचे विकत मिळत नाहीत, वर्गणी भरून वापरायला मिळतात. नूतनीकरणाची तारीख भिंतीवर लिहून ठेवा.

तेराव्या अंकाचा हिशेब मला फार आवडतो, म्हणून तो करूनच दाखवते. नमुन्यादाखल नेहमी दिसणारा एक आकडा आहे, ५९०१२३४१२३४५ आणि शेवटी ७. हा ७ कुठून आला? डावीकडून पहिला, तिसरा, पाचवा असे एकाआड एक अंक मिळवा: ५, ०, २, ४, २, ४. झाले १७. मधले उरलेले मिळवा: ९, १, ३, १, ३, ५. झाले २२, त्याची तिप्पट ६६. दोन्ही मिळून ८३. पुढची दहाची पट ९०, तिला कमी पडतात ७. एखादा अंक चुकीचा वाचला गेला किंवा टाइप झाला, तर हा हिशेब जुळत नाही आणि यंत्र आकडा घेतच नाही. शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तरी बहुतेक वेळा चोरी पकडली जाते. फक्त त्या दोन अंकांत पाचाचा फरक असेल, म्हणजे २ आणि ७ किंवा १ आणि ६, तर ती अदलाबदल निसटते.

तर भाच्याला कामाला लावाच. आधी आकडा घ्या, मग रेघा त्याच्याकडूनच फुकट काढून घ्या. त्यात काही गैर नाही.

आमच्याकडे साबणाचे चार सुगंध आहेत आणि प्रत्येक दोन वजनांत. शिवाय तीन वड्यांचा भेट-संच. एकच बारकोड सगळ्यांवर चालेल का? नसेल तर किती लागतील?

एक चालणार नाही. सुगंधांच्या आणि वजनांच्या वड्यांना मिळून आठ, आणि संचाला नववा. गिऱ्हाईक 'मला ही नको, ती द्या' असं म्हणू शकेल एवढा फरक असला, की आकडा वेगळा. संच तीन वड्यांचाच असला तरी तो स्वतंत्रपणे विकला जाणारा माल आहे. संचातल्या वड्यांवरचे बारकोड मात्र बाहेरून दिसता कामा नयेत. नाहीतर काउंटरवर घाईत आतली एक वडी स्कॅन होते आणि बिल एका वडीचंच निघतं.

पुढचा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण दुकानदार विचारेल: खोक्याचं काय? चोवीस वड्यांचा पुठ्ठ्याचा खोका घाऊक व्यापाऱ्याकडे जातो, त्याला चौदा अंकी आकडा लागतो. वडीच्या आकड्याचा शेवटचा अंक काढायचा, पुढे १ ते ८ मधला एक अंक लावायचा आणि शेवटचा अंक नव्याने काढायचा. वरच्याच नमुन्याला पुढे १ लावला, तर शेवटचा ७ जाऊन तिथे ४ येतो. करून बघा, चौदा अंकांत तिप्पट पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या अंकांची होते. बाराचा खोका निघाला तर पुढे २ लावा. खोक्यावरचा बारकोड जाड रेघांचा असतो, आयटीएफ-१४ नावाचा, आणि त्याच्याभोवती काळी चौकट असते. पुठ्ठ्यावर छपाई खडबडीत येते, ती सहन करण्यासाठीच तो तसा आहे. खोका कुठे दुकानाच्या काउंटरवर स्कॅन व्हायचा नसतो, त्यामुळे हा वेगळा बारकोड चालतो. वडीचाच बारकोड मोठा करून खोक्यावर चिकटवू नका. गोदामात तो खोका एक वडी म्हणून जमा होईल.

आता बदलांचं. लेबलावरचं चित्र बदललं, फुलाच्या जागी पान आलं, तर आकडा तोच राहतो. लेबलवर छापलेलं निव्वळ वजन बदललं, ब्रँडचं नाव बदललं, की नवा आकडा. बाहेरचं माप किंवा एकूण वजन वीस टक्क्यांपेक्षा जास्त बदललं तरी नवाच. आणि एखादा सुगंध बंद केला तर त्याचा आकडा दुसऱ्याला देऊ नका. पूर्वी काही वर्षं थांबून तो पुन्हा वापरता यायचा, २०१९ पासून ते बंद झालं. जुना आकडा कुठल्या ना कुठल्या दुकानाच्या संगणकात बसून असतोच.

एक हट्टाने सांगते: आकड्यात अर्थ भरू नका. 'पहिला अंक सुगंधाचा, दुसरा वजनाचा' अशी मांडणी कागदावर फार हुशार दिसते. दहावा सुगंध आला की कोसळते. ००१, ००२, ००३ असं सरळ देत जा, आणि कुठला आकडा कशाला दिला ते एकाच वहीत किंवा एकाच फाइलमध्ये, एकाच माणसाच्या हाताने लिहिलेलं असू द्या. ब्रँड, वर्णन, निव्वळ वजन, फोटो ही माहिती संस्थेच्या नोंदवहीतही भरा. लोक हा भाग टाळतात आणि मग ऑनलाइन विकायला गेले की अडतात.

मी एका संकेतस्थळावरून स्वस्तात दहा बारकोड विकत घेतले. त्यांनी प्रमाणपत्रही पाठवलं. आता ऑनलाइन विक्रीसाठी माल चढवायला गेलो तर आकडा नाकारला जातो. प्रमाणपत्र खोटं आहे का?

दादा, प्रमाणपत्र खोटं असेलच असं नाही. पण ते देणाऱ्याला ते देण्याचा किती अधिकार होता, हा खरा मुद्दा आहे.

अशा आकड्यांची वंशावळ बहुधा जुनी असते. अमेरिकेतल्या संस्थेने २००२ च्या आधी जे प्रीफिक्स दिले, त्यातल्या काहींचे मालक धंद्यातून उठले किंवा त्यांच्याकडे हजारो आकडे पडून राहिले. ते आकडे किरकोळीत विकले जाऊ लागले आणि अजून विकले जातात. आकडा खरा असतो, दुसऱ्या कुणाच्या मालावर नसेलही, पण मूळ नोंद त्या पहिल्या कंपनीच्या नावावर असते. अ‍ॅमेझॉनसारखी विक्रीची ठिकाणं आकडा जीएस१च्या नोंदींशी ताडून पाहतात. ब्रँड तुमचा आणि नाव भलत्याचं दिसलं, की ती नाकारतात. जीएस१च्या संकेतस्थळावर आकडा टाकून तो कुणाच्या नावावर आहे हे कुणालाही पाहता येतं. विकत घेण्याआधी तेवढं पाहून घ्यायचं असतं.

आता काय करायचं? ओळखीच्या दोन-चार दुकानांत माल जात असेल आणि त्यांच्या संगणकात दुसऱ्या कशाशी गाठ पडत नसेल, तर तिथे आहे ते संपेपर्यंत चालून जाईल. त्यापलीकडे जायचं असेल तर स्वतःच्या नावाने आकडे घेणं चुकत नाही. छापून पडलेल्या पाकिटांवर नव्या आकड्याचं स्टिकर लावा, पण जुना बारकोड पूर्ण झाकला जाईल असं. अर्धवट झाकलेला किंवा शेजारी उघडा राहिलेला जुना बारकोड स्कॅनर आनंदाने वाचतो. आणि स्टिकर पातळ कागदाचं असेल तर खालच्या काळ्या रेघा आरपार दिसतात, तेही बघा.

मेणबत्त्यांच्या लेबलवर आमच्या डिझायनरने फिक्या पिवळ्या कागदावर विटकरी रंगात बारकोड बसवला. दिसतो फार सुंदर. फोनवर लगेच वाचला जातो, पण दुकानातला स्कॅनर ढिम्म. असं का?

कारण दुकानातले बरेच स्कॅनर लाल प्रकाश टाकतात. त्या प्रकाशात लाल, नारिंगी, विटकरी रेघ पांढरी दिसते. म्हणजे स्कॅनरपुढे तुम्ही कोरा कागदच धरला होता. फोनचा कॅमेरा आपल्यासारखा सगळे रंग पाहतो, म्हणून त्याला काही वाटलं नाही. फोनवर वाचलं म्हणजे झालं, असं समजून लाखभर लेबलं छापून घेतलेली माणसं मी पाहिली आहेत.

रेघा काळ्या ठेवा. फारच जीव जात असेल तर गडद निळ्या किंवा गडद हिरव्या. मागचा रंग पांढरा असावा, पिवळा किंवा नारिंगीही चालतो, आणि गंमत म्हणजे लालही चालतो, कारण तो स्कॅनरला पांढराच दिसणार. चंदेरी कागदावर थेट छापू नका, आधी पांढऱ्या शाईचा थर द्या. पारदर्शक फिल्मवरही तसंच. 

मापाचं बोलायचं तर तेरा अंकी बारकोडचं मूळ माप ३७.२९ मिलिमीटर रुंद आणि २५.९३ मिलिमीटर उंच. यात दोन्ही बाजूंची मोकळी जागा आणि खालचे आकडेही आले. ते ८० टक्क्यांपर्यंत लहान आणि दुपटीपर्यंत मोठं करता येतं. ८० टक्क्यांच्या खाली डिझायनर कितीही गयावया करू दे, हो म्हणू नका. जागाच नसेल तर लहान पाकिटांसाठी आठ अंकी बारकोड असतो, त्याचा आकडा संस्थेकडून वेगळा मागावा लागतो.

सगळ्यात जास्त बळी जातो तो मोकळ्या जागेचा. मूळ मापात डावीकडे ३.६३ आणि उजवीकडे २.३१ मिलिमीटर कोरी पट्टी हवीच. स्कॅनरला बारकोड कुठे सुरू झाला हे त्या कोऱ्या पट्टीवरून कळतं. डिझायनरला ती वाया गेलेली जागा वाटते आणि तो तिथे चौकट, वेल, नाहीतर आपला लोगो आणून ठेवतो. दुसरा बळी उंचीचा. रेघांची उंची कापून अर्धी पट्टी केली तर नाजूक दिसते खरी, पण मग काउंटरवरच्या माणसाला माल नेमका सरळ धरावा लागतो. उंची असेल तर कसाही फिरवला तरी स्कॅनरला रेघा सापडतात.

मेणबत्ती गोल डबीत असेल तर अजून एक. बारीक गोलाईवर उभ्या रेघांच्या कडेच्या रेघा वळणाआड जातात. तिथे बारकोड आडवा फिरवा, म्हणजे डबी उभी ठेवल्यावर रेघा शिडीच्या पायऱ्यांसारख्या एकावर एक दिसतील. 

छापखान्याला दोन गोष्टी विचारा. रोलवर छपाई होणार असेल तर कागद ज्या दिशेने धावतो त्याच दिशेने रेघा धावतात ना? आडव्या आल्या तर यंत्राच्या ओढीने त्या फासटतात. आणि शाई कागदात पसरून रेघ जाड होते, तेवढी ती फाइलमध्ये आधीच बारीक केली आहे का? ज्या छापखान्याला हा प्रश्न नवीन वाटेल, तिथून दोन पावलं मागे या. मग खऱ्या कागदावर, खऱ्या शाईने, लॅमिनेशनसकट नमुना काढून घ्या आणि बारकोड तपासण्याच्या यंत्रावर त्याची प्रत, म्हणजे दर्जा, ठरवून घ्या. ४ पासून ० पर्यंत प्रत असते, १.५ ही दुकानातल्या बारकोडची किमान मर्यादा. प्रिंटरवर काढलेला कागदी नमुना तपासून काही कळत नाही, कारण माल त्या कागदात जाणार नसतो.

बारकोडच्या पहिल्या तीन आकड्यांवरून माल कुठल्या देशात तयार झाला ते कळतं, असा संदेश फिरतोय. खरं का?

खोटं. ८९० म्हणजे आकडा भारतातल्या संस्थेने दिला, ४०० ते ४४० म्हणजे जर्मनीतल्या, ४५ आणि ४९ म्हणजे जपानमधल्या. माल कुठे तयार झाला त्याच्याशी संबंध नाही. भारतात नोंदलेल्या कंपनीने दुसऱ्या देशातून करून आणलेल्या मालावरही ८९० असू शकतं. 

तेरा अंकांपैकी पहिला अंक रेघांमध्ये काढलेलाच नसतो, हे मात्र कुणी फिरवत नाही. रेघा बाराच अंकांच्या. डाव्या बाजूचे सहा अंक प्रत्येकी दोन प्रकारे काढता येतात, आणि कुठला अंक कुठल्या प्रकारे काढलाय त्या क्रमावरून यंत्र पहिला अंक ओळखतं. म्हणून तो बिचारा छापताना डावीकडे रेघांच्या बाहेर एकटा उभा असतो. अमेरिकेतल्या जुन्या बारा अंकी बारकोडशी जुळवून घ्यायला केलेली ही युक्ती. त्या बारा अंकांपुढे ० लावला की तेरा झाले.

बारकोडखालचे आकडे मराठीत छापले तर?

स्कॅनरला काहीच फरक पडणार नाही, तो ते आकडे वाचतच नाही. ते माणसासाठी असतात: रेघा फाटल्या, ओल्या झाल्या की काउंटरवरचा माणूस आकडा हाताने टाकतो. त्याच्या कीबोर्डवर जे अंक आहेत तेच छापा. मराठीचा अभिमान नावात आणि वर्णनात दाखवा, तिथे भरपूर जागा आहे.

माल फक्त माझ्याच दुकानात विकायचा आहे. तरी जीएस१ कडे जावं लागेल?

नाही. २० ते २९ ने सुरू होणारे आकडे दुकानांच्या घरगुती वापरासाठी मोकळे ठेवले आहेत. मनाला येईल तसे वापरा. पण तोच माल दुसऱ्याच्या दुकानात ठेवू नका. त्यानेही घरगुती आकडे त्याच मालिकेतून दिलेले असणार.

आमचं पुस्तक आणि सोबत एक रोजनिशी येते आहे. दोन्हींना एकाच जागी अर्ज चालेल?

पुस्तकाला आयएसबीएन, म्हणजे पुस्तकांसाठीचा खास ओळख-आकडा, लागतो, तो आयएसबीएन देणाऱ्या यंत्रणेकडून. २००७ पासून तो तेरा अंकी आहे, ९७८ किंवा ९७९ ने सुरू होतो आणि तोच बारकोडचा आकडा होतो. कागदी बांधणी आणि कापडी बांधणी असेल तर दोन वेगळे घ्या. कोऱ्या रोजनिशीला आयएसबीएन मिळत नाही, ती वहीसारखाच माल. तिचा आकडा जीएस१ कडून.

आता सगळीकडे क्यूआर कोड येणार म्हणतात. मग हे सगळं करायचं कशाला?

क्यूआर १९९४ मध्ये जपानमधल्या डेन्सो वेव्ह या कंपनीने काढला, तेव्हा तो काही कालचा नाही. २०२७ च्या अखेरपर्यंत दुकानांच्या काउंटरवर रेघांबरोबर असे चौकोनी कोडही वाचता यावेत, असा जीएस१चा प्रयत्न चालू आहे. त्या चौकोनात बॅच, वापरण्याची अखेरची तारीख, तुमच्या संकेतस्थळाचा पत्ता असं बरंच मावतं. पण मधोमध बसलेला आकडा तोच, आज तुम्ही घेणार आहात तो. दुकानांचे स्कॅनर एका रात्रीत बदलणार नाहीत, म्हणून रेघा आत्ता छापाच. नवं लेबल आखत असाल तर डिझायनरला रेघांच्या जवळ चौकोनापुरती जागा राखून ठेवायला सांगा, दोघांच्याही मोकळ्या पट्ट्या न खाता.